कोणी विचारत आलं तर

घर दाखवायला पार्टी आणली की मालकाने घरात थांबायचं नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. पार्टी म्हणजे घर घेणारा. त्याला त्या खोलीत स्वतःचा सोफा दिसायला हवा, खिडकीशी स्वतःची मुलं दिसायला हवीत. तिथे मालकच बसलेला असला तर त्याला नुसता मालक दिसतो. शिवाय मालक बोलतात. ज्या घरात जन्म काढला त्या घराबद्दल माणसाला खोटं बोलता येत नाही. "पावसात या भिंतीला जरा ओल येते हां," असं एखादी काकू चहाचा कप पुढे करता करता सांगून टाकते आणि माझी महिनाभराची पायपीट फुकट जाते. म्हणून मी मालकांना आधीच बजावून ठेवायचे, की पंखे लावा, खिडक्या उघडा, गाद्या आवरा आणि अर्धा तास बागेत जाऊन बसा.

हा नियम मी एकाच घरासाठी मोडला. दिवाळी अंकाच्या संपादकांना माझ्याकडून गमतीदार गिऱ्हाइकं हवी होती, आणि ती मला पुष्कळ भेटलीही. एक गृहस्थ होकायंत्र घेऊन यायचे आणि संडासाची दिशा बघून नाक मुरडून परत जायचे. एक जोडपं दर रविवारी घरं बघायला यायचं, दोघं प्रत्येक घराच्या बाल्कनीत थोडा वेळ उभी राहायची आणि "कळवतो" म्हणून निघून जायची. त्यांना काही घ्यायचं नाहीये हे मला कधीच कळलं होतं, पण दोघांच्या चेहऱ्यावर तेवढा वेळ जे समाधान असायचं ते बघून मी त्यांना दाखवत राहिले. अशांवर हसत हसत चार पानं भरली असती. पण लिहायला बसले की मला मालनताईंचंच दार दिसतं, त्याला माझा इलाज नाही.

मी शैला. दहिसर पूर्वेला चेकनाक्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझा लहानसा गाळा आहे. काचेवर 'फ्लॅट, रूम, दुकान, खरेदी-विक्री-भाडे' असं रंगवलंय, त्यातला 'भाडे'मधला काना आता गेलाय. मी या धंद्यात आले तेव्हा नाक्यावर सगळे पुरुष एजंट. गॉगल लावून बाइकवर बसायचे आणि "मॅडम, झकास फ्लॅट आहे, व्ह्यू बघा" म्हणायचे. व्ह्यू कोण बघतं? बाई आधी ओट्याची उंची बघते, मग मोरी. मी ओटा दाखवायचे. त्यावर माझं घर चाललं, मुलाचं शिक्षण झालं. नंतर मोबाइलवर घरं दिसायला लागली आणि पार्टी मलाच सांगायला लागली की या बिल्डिंगमध्ये काय भाव चाललाय. चाळी पडल्या, टॉवर उभे राहिले. ज्या कुटुंबांना मी हौसेने इथे घर घेऊन दिलं, त्यांनाच पुढे विकून विरार-बदलापूरला जायला मदत केली. हे काम करताना आनंदाचे पेढे खूप खाल्ले, पण विकणाऱ्याच्या घरचा पेढा कधी गोड लागला नाही.

मालनताई साळवे स्वतः माझ्याकडे आल्या नाहीत. त्यांची मुलगी वैशाली आली. मुलुंडला राहणारी, तिथल्याच एका दवाखान्यात कामाला, बोलायला फटाफट.

"ताई, नदीकाठच्या जुन्या सोसायटीत आईचं घर आहे. तिसरा मजला, लिफ्ट नाही. तिचे गुडघे गेलेत. गेल्या पावसाळ्यापासून ती खाली उतरलेलीच नाहीये, यार. आमच्या बिल्डिंगमध्ये लिफ्ट आहे आणि तिथे एक वन रूम किचन निघालंय. हे विकून ते घ्यायचंय. बाबा गेले, आता ती एकटी तिथे पडलीबिडली तर मला मुलुंडहून पोचेपर्यंत काय होईल सांगा."

व्यवहार सरळ होता. मी दुसऱ्या दिवशी घर बघायला गेले आणि बेल वाजवली.

लाकडी दार सताड उघडं होतं, फक्त जाळीचं दार लावलेलं. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि मग पाय घासत, भिंतीला धरत, पण घाईघाईने कोणीतरी येत होतं. ज्या बाईचे गुडघे गेलेत ती इतक्या लगबगीने का येतेय, हे मला कळेना. जाळीपलीकडे चेहरा आला. तो चेहरा इतका आनंदलेला होता की माझ्यामागे कोणी उभं आहे का, म्हणून मी वळून बघितलं. मग तिने मला नीट पाहिलं, आणि सगळा आनंद तिथल्या तिथे मावळला. "या ना बाई," ती म्हणाली.

घर स्वच्छ होतं. कपाटावर बुद्धांची लहान मूर्ती, शेजारी नवऱ्याचा हार घातलेला फोटो. दुसऱ्या भिंतीवर एका तरुण मुलाचा फोटो होता, त्याला हार नव्हता.

खाली उतरल्यावर मी वैशालीला फोन केला, तेव्हा तिने सांगितलं. तो तिचा धाकटा भाऊ, प्रशांत. मालाडच्या एका कंपनीत रात्रपाळीला फोन घ्यायचा. ती नोकरी गेली आणि तो महिने महिने घरात बसून राहिला. वडील अंधेरीच्या कारखान्यात जन्मभर उभ्याने काम केलेला माणूस, त्यांना ते बघवेना. एक दिवस ते तिरीमिरीत बोलून गेले, "काम मिळेपर्यंत या दारात पाय ठेवू नकोस." मुलाने चपला घातल्या आणि गेला. संध्याकाळी येईल असं सगळ्यांना वाटलं होतं. पोलिसात तक्रार झाली, नातेवाइकांकडे फोन झाले, जालन्याकडच्या गावात शोध झाला, इस्पितळं पालथी घातली. काही हाती लागलं नाही. वडील पुढे आजारी पडले आणि त्या एका वाक्यावर झुरून गेले.

"बाबा बोलले ना, दारात पाय ठेवू नको," वैशाली म्हणाली, "म्हणून आई दार लावतच नाही. तिला वाटतं, तो जिन्यातून वर बघेल आणि दार बंद दिसलं तर तसाच परत जाईल."

आता कळलं, की या मालकिणीला घराबाहेर जाऊन बसायला मी सांगूच शकत नव्हते. आणि हेही कळलं, की मी पार्ट्या आणणार म्हणजे दर वेळी ती बेल वाजणार आणि दर वेळी ती बाई भिंत धरून धावणार. मी त्या दिवसापासून तिथे बेल वाजवणं सोडलं. पहिल्या मजल्यावर पोचले की तिथूनच मोठ्याने हाक मारायची, "मालनताई, मी शैला! माझ्याबरोबर घर बघायला माणसं आहेत!" आधीच कळलं की त्या खुर्चीतून उठायच्या नाहीत. पार्टीला वाटायचं ही बाई काय भाजीवाल्यासारखी ओरडते.

मालनताई घरात बसून असायच्या आणि खरं बोलायच्या. "पाणी सकाळी येतं, पण वर धार बारीक." "नदीकडून डास येतात बाई, खिडकीला जाळी लावून घ्या." मी डोळे वटारायचे, त्या हसायच्या. असं असूनही घर आवडणारे निघाले. दोन पार्ट्या मात्र कपाटावरची मूर्ती बघून थंड झाल्या. जिना उतरताना हळूच विचारलं, "या सोसायटीत सगळे असेच लोक आहेत का?" "असेच म्हणजे चांगले, हो," असं सांगून मी त्यांना परत कधी फोन केला नाही. धंद्यात सगळ्या गिऱ्हाइकांशी गोड वागावं लागतं असं म्हणतात, ते मला कधी पूर्ण जमलं नाही.

शेवटी एक बँकेतले गृहस्थ तयार झाले, टोकन दिलं आणि तिथेच गाडी अडली. आमच्याकडे दहातली नऊ माणसं एक चूक करतात. नवरा गेला की सोसायटीत नॉमिनी म्हणून बायकोचं नाव लागतं, शेअर सर्टिफिकेटवर ते चढतं, आणि सगळ्यांना वाटतं घर आता तिचं झालं. मालनताईंनाही तसंच वाटत होतं. पण नॉमिनी हा नुसता सांभाळणारा. मृत्युपत्र नसेल तर घर बायको आणि मुलं सगळ्यांचं मिळून. घेणाऱ्याच्या वकिलाने कागद बघितले आणि निरोप पाठवला, की मुलाची सही आणा, नाहीतर मुलगा हयात नाही याचा पुरावा आणा.

नाक्यावरचा एक गॉगलवाला मला म्हणाला, "एवढं काय टेन्शन घेतेस शैला? त्याच्यासारखा दिसणारा एखादा चुलतभाऊ उभा कर ना." मी त्याला काय म्हणाले ते दिवाळी अंकात छापता येणार नाही.

उरला एकच रस्ता. सात वर्षं ज्या माणसाची काहीच खबर त्याच्या जवळच्यांना नाही, तो मरण पावला असं कोर्ट जाहीर करू शकतं. सात वर्षं उलटून गेली होती. पण त्यासाठी आईने कोर्टात उभं राहायला हवं होतं. आपल्या मुलाला मेला म्हणा, तरच तुम्हाला या तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरता येईल, असं मालनताईंना सांगायचं होतं, आणि वैशाली म्हणाली, "ताई, माझ्याच्याने होणार नाही. तुम्ही बोला."

मी बोलले. मालनताई ऐकत होत्या, मग म्हणाल्या, "मी इथेच मरेन शैला, पण हे माझ्या तोंडून व्हायचं नाही."

पार्टी गेली. मी टोकन परत करवलं आणि माझ्या लेखी ते घर बंद झालं. तरी आठवड्यातून एकदा जात राहिले. खालून औषधं, भाजी नेऊन द्यायचे, तिसऱ्या मजल्यावर बसून चहा प्यायचे. एक दिवस त्या न्हाणीघरात घसरल्या आणि वैशाली येईपर्यंत तशाच पडून राहिल्या. हाड मोडलं नाही, पण वैशाली इतकी घाबरली की आईच्या पायाशी बसून ओक्साबोक्शी रडली. "आई, एक गेलाय, आता तू पण अशी एकटी जाऊ नकोस ना गं." त्यानंतर मालनताई वकीलबाईंना भेटायला तयार झाल्या.

वकीलबाई माझ्या ओळखीच्या होत्या, घरी आल्या. म्हणाल्या, "आजी, मुलगा गेला असं तुम्ही म्हणायचंच नाहीये. इतक्या वर्षांत त्याची काही खबर नाही, एवढंच सांगायचं. बाकीचं कोर्ट ठरवेल. त्याआधी पेपरात जाहीर नोटीस द्यावी लागेल, त्याच्या नावाची, की कोणाला माहिती असेल तर पुढे या."

"पेपरात?" मालनताई सरळ झाल्या. "त्याचा फोटो येईल?"

"देऊ शकतो."

"आणि उद्या लेकरू आलंच तर?"

"आला तर हा निकाल गळून पडतो, आजी. जिवंत माणसाला कुठलंच कोर्ट मेलेला ठेवू शकत नाही."

मालनताई म्हणाल्या, "मग द्या."

आम्ही सगळे तो दावा त्याच्या मृत्यूचा म्हणून दाखल करत होतो. ती बाई एकटीच तो त्याला शोधायचा दावा समजत होती.

दावा दाखल करायच्या दिवशी सह्यांसाठी दिंडोशीच्या कोर्टात जायचं होतं. बिल्डिंगमधल्या दोघा पोरांनी मालनताईंना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खाली आणलं. शेजारीण घरात बसली, कारण दार उघडं राहायला हवं होतं. रिक्षात मालनताई बाहेर डोकं काढून बघत होत्या. किती दिवसांनी त्यांना रस्ता दिसत होता, म्हणून मी पूल दाखवत होते, नवे टॉवर दाखवत होते. नंतर लक्षात आलं, त्या टॉवर बघतच नव्हत्या. बसस्टॉपवर, टपरीवर, सिग्नलला उभी असलेली माणसं बघत होत्या. काम झाल्यावर कोर्टाबाहेर आम्ही तिघींनी उसळपाव खाल्ला. मालनताईंनी आणखी एक पाव मागून घेतला. "किती दिवसांनी बाहेरचं खाल्लं गं," म्हणाल्या. त्या दिवशी त्या खूश होत्या.

नोटीस छापून आली. मालनताईंनी तो पेपर कपाटावर मूर्तीशेजारी ठेवला आणि त्या आठवडाभर झोपल्या की नाही देव जाणे. मी गेले की मला म्हणायच्या, "पेपर सगळीकडे जातो ना गं? नाशिकला, नागपूरला?" मी हो म्हणायचे. कोणी आलं नाही, कोणाचा फोन आला नाही. आला तो एकाच चक्रम माणसाचा, घर विकायचंय का हे विचारायला. मालनताई मग पेपरबद्दल विचारेनाशा झाल्या. मला वाटतं, तेव्हाच त्यांच्या आत काहीतरी मोडलं. कोर्टाचा निकाल तर फार पुढे लागला.

साक्षीच्या दिवशी न्यायाधीश त्यांच्याशी फार सभ्यपणे बोलले. त्यांनी विचारलं, "आजी, तुमचा मुलगा हयात आहे असं तुम्हाला वाटतं का?"

मालनताई म्हणाल्या, "साहेब, माझ्या वाटण्यावर काय आहे? मला तर रोजच वाटतं."

ते कोणी लिहून घेतलं नाही. मग साहेबांनी पुन्हा विचारलं, "त्याची काही खबर?"

"खबर नाही," त्या म्हणाल्या, आणि ते लिहिलं गेलं.

निकाल झाला, पुढे दाखलाही निघाला. तो घेऊन मी आणि वैशाली त्यांच्याकडे गेलो. मालनताईंना वाचता येत होतं. चष्मा लावून त्यांनी पहिली ओळ सोडली आणि बोट तारखेवर ठेवलं. तारीख दावा दाखल केला त्या दिवसाची होती. कायद्याच्या हिशेबाने ते बरोबर असेल, वकीलबाईंनी मला नंतर समजावूनही सांगितलं. पण मालनताई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "शैला, त्या दिवशी तर आपण उसळपाव खाल्ला."

वैशाली उठून स्वयंपाकघरात गेली.   मी त्यांना त्या वाटेला लावलं याचा मला पश्चात्ताप नाही, दुसरी वाटच नव्हती. दुःख मात्र आहे, आणि ते कमी होत नाही.

नातेवाईक म्हणाले, आता त्याच्या नावाने रीतसर पुण्यानुमोदन करून घ्या, भंतेजींना बोलवा. मालनताई एवढंच म्हणाल्या, "कागदावर गेलाय तो. घरात नाही." त्या फोटोला हार चढला नाही.

मग स्नेहा आणि अमोल आले. नवं लग्न झालेलं, दोघंही अंधेरीला कामाला. मी सवयीप्रमाणे पहिल्या मजल्यावरून हाक मारणार, तेवढ्यात अमोल दोन-दोन पायऱ्या चढत पुढे गेला आणि त्याने बेल दाबली. आतून खुर्ची सरकली, पाय घासत आले, जाळीपलीकडे तो चेहरा उजळला आणि विझला. तोवर मी आणि स्नेहा वर पोचलो होतो, तिने तो पाहिला. घर बघून झाल्यावर जिन्यात तिने मला थांबवलं.

"ताई, काकींना कोण यायचं होतं?"

विकणाऱ्याचं दुःख घेणाऱ्याला सांगायचं नाही, हाही आमच्यातला एक नियम आहे. दुःख ऐकलं की भाव पडतो नाहीतर पार्टी पळते. मी सगळं सांगितलं.

अमोल म्हणाला, "म्हणजे लीगल इश्यू आहे? उद्या तो आला आणि हिस्सा मागितला तर आमची वाट लागेल ना."

स्नेहा त्याच्यावर भडकली. "तू आधी तिचा चेहरा बघितलास का रे?"

त्यांनी वकिलाला विचारलं, कागद तपासून घेतले, आणि घर घेतलं. व्यवहार ठरवायला बसलो तेव्हा मालनताईंनी किमतीबद्दल चकार शब्द काढला नाही. त्यांची एकच अट होती, ती त्यांनी स्नेहाला हात धरून सांगितली.

"दार उघडं ठेव असं मी म्हणत नाही. तुम्ही दोघं कामावर जाणार. पण बेल वाजली आणि अनोळखी माणूस असला, तर सेल्समन समजून हाकलू नको. डाव्या भुवईत खोक आहे त्याच्या, लहानपणी ओट्यावरून पडला होता. तो नाव लगेच सांगायचा नाही, लाजाळू आहे. आधी पाणी मागेल. त्याला पाणी दे, आणि बसवून ठेव. मग शैलाला फोन कर."

"देईन काकी," स्नेहा म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

घर सोडताना ते अगदी रिकामं करून द्यायचं नाही, अशी आमच्याकडे पद्धत आहे. मूठभर तांदूळ आणि पाण्याने भरलेला तांब्या ओट्यावर ठेवून निघायचं, म्हणजे येणाऱ्याला घर भरलेलं मिळतं. मी विकणाऱ्यांना हे नेहमी सांगायचे. मालनताईंनी तांदूळ ओट्यावर ठेवले. तांब्या मात्र ओट्यावर नव्हता. खुर्चीतून त्यांना खाली नेताना मी वळून बघितलं, तर तो बाहेरच्या दाराशी, लहान स्टुलावर होता, वर फुलपात्र पालथं घातलेलं. मुलुंडला गेल्यावर त्यांनी प्रशांतचा फोटो नव्या घरात दारासमोर लावला, असं वैशालीने सांगितलं.

स्नेहाने शब्द पाळला. आणि त्यातून एक गंमत झाली. पार्सल घेऊन येणारी पोरं, गॅसवाले, मीटर बघणारे, जो कोणी अनोळखी बेल वाजवील त्याच्या भुवईकडे ती आधी बघायची आणि मग त्याला पाणी द्यायची. ती कामावर असली तर सासूला बसवून ठेवलेलं असायचं, तिलाही तेच शिकवलेलं. नदीकाठच्या त्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर न मागता थंड पाणी मिळतं, हे पार्सलवाल्या पोरांमध्ये पसरलं. भर उन्हात पार्सल दुसऱ्या मजल्यावरचं असलं तरी पोरं एक मजला जास्त चढायची. मालनताईंना फोनवर हे सांगितलं तेव्हा त्या खूप दिवसांनी हसल्या. "पिऊ दे," म्हणाल्या. "त्यांच्या पण आया असतील कुठंतरी."

हे असंच चालत राहिलं असतं, पण या शहरात आता कोणतंच दार फार वर्षं टिकत नाही. सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली. सगळ्यांनी सह्या केल्या, घरं रिकामी केली, भाड्याच्या जागांत पांगले. स्नेहा-अमोल गोरेगावला गेली. जायच्या आधी स्नेहा माझ्या गाळ्यात आली. कडेवर मूल, हातात तो तांब्या.

"ताई, बिल्डिंग पाडतायत. आता तो आला तर कुठे येईल?"

मी तांब्या घेतला.

पत्रे लागले, मशीन आली आणि तिसरा मजला बघता बघता खाली आला. मी पाडताना बघायला गेले नाही, नंतर गेले. पत्र्याच्या फाटकाशी वॉचमन होता. त्याला सांगितलं, की कोणी साळवेंचं घर विचारत आलं तर त्याला माझ्या गाळ्याकडे पाठव. तो मान हलवून "जी मॅडम" म्हणाला. महिन्याभराने वॉचमन बदलला, मी पुन्हा जाऊन सांगितलं. पुन्हा बदलला, पुन्हा सांगितलं. हल्लीचा जो आहे तो मला लांबून बघूनच म्हणतो, "कोई नहीं आया, मॅडम."

मी आता धंदा बंद केला आहे. पाय दुखतात आणि मोबाइलवरच्या घरांशी मला भांडता येत नाही. मुलगा-सून म्हणतात, गाळा भाड्याने देऊन टाक, चांगलं भाडं येईल, आता तिथे बसून तू काय करतेस? त्यांचं बरोबर आहे. मी काहीच करत नाही. काचेवर नाव तसंच आहे. बाहेर बाकाशेजारी एक माठ ठेवलाय, त्यावर तो तांब्या आहे. बिल्डिंग पाडल्याचं मालनताईंना सांगितलं तेव्हा हेही सांगितलं. रिक्षावाले पितात, पार्सलवाली पोरं पितात, शाळेतून जाणारी मुलं पितात. कोणी थांबून पाणी मागितलं की माझं लक्ष आधी त्याच्या डाव्या भुवईकडे जातं. कधी काचेशी एखादी सावली थांबते आणि मी खुर्चीतून अर्धी उठते. मालनताई भिंत धरून कशा धावायच्या, ते मला आता चांगलंच कळतं.

त्यांचा फोन दर रविवारी येतो. मुलुंडच्या घरात लिफ्ट आहे, त्या रोज खाली उतरतात, बागेत बसतात, वैशाली दोन पावलांवर आहे. तब्येत सुधारली आहे. फोनवर वैशालीच्या मुलांचं सांगतात, गुडघ्याचं सांगतात, माझ्या पायांचं विचारतात. एक गोष्ट त्या कधीच विचारत नाहीत, आणि मीही आपणहून सांगत नाही. सगळं बोलून होतं. मग फोन ठेवायच्या आधी म्हणतात, "शैला, माठ भरलायस ना?"

"भरलाय, मालनताई," मी म्हणते.